कोनाच्या किनाऱ्यावर भाल्याने मासेमारी: माझा अनुभव

पाण्यात बुडी मारून हातातल्या भाल्याने मासा टिपणे हा हवाई बेटांवरचा फार जुना प्रकार आहे आणि तेथील अनेक कुटुंबे आजही जेवणापुरते मासे याच रीतीने आणतात. पर्यटकालाही मार्गदर्शकाबरोबर तो करून पाहता येतो, हे मला सॅन होजेला राहणाऱ्या धाकट्या भावाकडून कळले. आम्ही दोघे आपापली कुटुंबे घेऊन हवाईच्या मोठ्या बेटावर, कोना भागात सुट्टीला जाणार होतो. "ताई, तू बाजारात कल्ले उचलून मासा निवडतेस, आता पाण्यात निवडून बघ," असे तो म्हणाला तेव्हा ती थट्टा होती. पण रत्नागिरीत वाढलेल्या आणि आयुष्यभर मासा मेलेलाच पाहिलेल्या माझ्यासारखीला ती बाब मनापासून पटली आणि मी चौकशी सुरू केली.

पहिले काम परवान्याचे होते. हवाईचा रहिवासी नसलेल्या व्यक्तीला समुद्रात हौशी मासेमारी करण्यासाठी जुलै 2024 पासून परवाना लागतो. एका दिवसासाठी तो 20 डॉलरला, सात दिवसांसाठी 40 डॉलरला आणि वर्षभरासाठी 70 डॉलरला मिळतो. तो आंतरजालावरून काढता येतो, त्यामुळे त्यात वेळ गेला नाही. वेळ गेला तो कोठे आणि कसे मारायचे याचे नियम समजून घेण्यात. केआलाकेकुआचा उपसागर 1969 पासून संरक्षित असल्यामुळे तेथे भाला चालवता येत नाही. काऊपूलेहू येथे स्थानिक लोकांनीच आग्रह धरून 2016 पासून दहा वर्षे किनाऱ्याजवळची मासेमारी थांबवून घेतली. बेटाच्या या पश्चिम बाजूला पाठीवर हवेची टाकी बांधून भाला वापरण्यास 2013 पासून मनाई आहे, म्हणजे जे करायचे ते एका श्वासात. हे सर्व वाचताना मला नियमांचा जाच वाटला नाही. जुन्या हवाईमध्ये आकू आणि ओपेलू या दोन माशांवर वर्षातून आळीपाळीने बंदी असे, एकाचा हंगाम चालू असताना दुसरा धरायचा नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या पाहत जे वाढले आहेत, त्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

मार्गदर्शक निवडताना मी एकच कसोटी लावली. किती मासे मिळतील हे जो आधी सांगतो त्याला सोडायचे आणि तुम्हाला किती पोहता येते हे जो आधी विचारतो त्याच्याकडे जायचे. आम्हाला मिळालेला मार्गदर्शक याच किनाऱ्यावर वाढलेला, पन्नाशीचा मच्छीमार होता. त्याने पैसे घेण्यापूर्वी एक लांबलचक प्रश्नावली पाठवली. फिट येते का, हृदयाचा त्रास आहे का, दमा आहे का, कानाच्या पडद्याला कधी इजा झाली होती का, सध्या सर्दी आहे का, कोणती औषधे चालू आहेत, असे ते प्रश्न होते. सर्दी झाली असेल तर दिवस बदलू, पण सर्दीचे औषध घेऊन येऊ नका, अशी सूचना शेवटी होती. औषधाचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकून बसते, असे त्याने कारणही दिले होते.

सकाळी लवकर आम्ही काळ्या लाव्हाच्या खडकांवर जमलो. मौना लोआ आणि हुआलालाई या दोन ज्वालामुखी पर्वतांच्या आडोशामुळे हा किनारा व्यापारी वाऱ्यांपासून बराच सुरक्षित राहतो, तरीही दुपारी वारा उठतो, म्हणून काम सकाळीच उरकायचे असते. पाण्यात जाण्यापूर्वीचा बराच वेळ कोरड्या जागेवर शिकण्यात गेला, आणि माझ्या मते दिलेल्या पैशांपैकी बहुतेक पैसे तेथेच वसूल झाले.

भाला म्हणजे एक लांब दांडा. पुढे तीन टोके आणि मागे रबराचे कडे. कडे अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात अडकवायचे, मग तोच हात ताण देत दांड्यावर पुढे सरकवून मूठ आवळायची आणि मासा समोर आला की मूठ सैल सोडायची, एवढीच त्याची यंत्रणा आहे. चाप नाही, स्प्रिंग नाही. त्याची मजल जेमतेम त्याच्या लांबीएवढी, त्यामुळे माशापासून दूर राहून काही साधत नाही, मासा जवळ येऊ द्यावा लागतो. पाण्याबाहेर रबर कधीही ताणायचे नाही, माणसाच्या दिशेने टोक कधीही न्यायचे नाही आणि पोहताना टोकांवर टोपण असलेच पाहिजे, हे नियम त्याने आमच्याकडून तोंडाने म्हणवून घेतले.

त्यानंतर श्वासाचा धडा झाला, आणि यात माझा एक जुना समज मोडला. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतले म्हणजे प्राणवायू साठतो, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो, प्राणवायूत फारशी भर पडत नाही. श्वास घेण्याची तगमग होते ती कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो आधीच घालवून बसले की धोक्याची सूचना उशिरा मिळते. शिवाय दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असल्याने फुप्फुसातला उरलेला प्राणवायू पुरेसा भासतो, आणि वर येताना दाब कमी होऊ लागला की शेवटच्या काही मीटरमध्ये मेंदूला तो एकाएकी अपुरा पडून माणूस कसलीही चाहूल न लागता बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारे लोक असेच, पृष्ठभागाच्या अगदी जवळ, बुडाले आहेत. म्हणून एक जण खाली असताना दुसऱ्याने वर राहून केवळ त्याच्याकडेच पाहायचे, तो वर आल्यावरही अर्धा मिनिट नजर हलवायची नाही, आणि खाली जितका वेळ काढला त्याच्या दुप्पट वेळ तरी वर विश्रांती घ्यायची. भाऊ खाली गेला की मला माशांकडे पाहायला बंदी होती. लहानपणी शेजारच्या विहिरीत आम्ही दोघे कोण जास्त वेळ बुडून राहतो याची पैज लावत असू, ते आठवून मला तेथे खडकावर बसल्या जागी घाम फुटला.

उरलेला धडा मासे ओळखण्याचा होता, आणि मी जिच्यासाठी आले होते ती गोष्ट हीच. जाळ्यात जे येईल ते येते, मग नको असलेले वेगळे काढले जाते. गळाला लागलेला मासा लहान निघाला तर पाण्यात परत सोडता येतो. भाल्याने टिपलेला मासा परत सोडता येत नाही. त्यामुळे जात कोणती, आकार नियमात बसतो का, मागे कोणी आहे का, हे सगळे मूठ सोडण्याआधी ठरलेले असावे लागते आणि तेही श्वास रोखलेला असताना. त्यात पाणी डोळ्यांना फसवते. काचेच्या मुखवट्यातून पाहताना प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते, त्यामुळे नियमात नेमका बसेल असा वाटणारा मासा बाहेर काढल्यावर हटकून लहान ठरतो. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच फिका पडत जातो, म्हणून ओळखीचा तांबडा मासा खाली मातकट दिसतो. यावर मार्गदर्शकाचा उपाय साधा होता. नवशिक्याने दोनच जाती मारायच्या, दोन्ही बाहेरून आणलेल्या, आणि थोडीही शंका आली तर मूठ आवळलेलीच ठेवून वर यायचे.

त्या दोन जाती म्हणजे रोई आणि ताआपे. हवाईच्या उथळ पाण्यात खाण्याजोगे गोबरे आणि तांबोशीसारखे मासे फारसे नव्हते, म्हणून सरकारनेच 1950 च्या दशकात फ्रेंच पॉलिनेशियातून काही जाती आणून सोडल्या. रोई हा गोबऱ्याच्या कुळातला मासा 1956 मध्ये मोओरेआ बेटावरून आला. निळ्या पट्ट्यांचा पिवळा ताआपे त्याच दशकात मार्केसास बेटांवरून आणला गेला. दोन्ही जाती हिंदी महासागरातही मुळातच आहेत. हवाईत मात्र रोई प्रवाळात लपून स्थानिक माशांची पिल्ले खात फोफावला आणि ताआपेचे थवेच्या थवे झाले. मासेमारांना अपेक्षित होता तो फायदा झाला नाहीच.

पाण्यात उतरताना लाट खडकावर चढून मागे सरण्याची वाट पाहून तिच्याबरोबर आत सरकायचे होते. बरोबर एक तरंगता बोया होता आणि त्यावर लाल रंगात पांढरा तिरका पट्टा असलेला झेंडा, म्हणजे होडीवाल्यांना खाली माणसे आहेत हे कळावे. तारकर्लीला मी पूर्वी स्कुबा केले होते, पण तेथे हात लांब केला की पंजा धूसर होई. येथे तळाची प्रवाळाची फांदी न् फांदी वरून मोजता येत होती, आणि त्यामुळेच खोलीचा अंदाज चुकत होता. डोके खाली करून बुडी मारली की कान उभ्याने उतरण्यापेक्षा लवकर दुखतात. नाक चिमटीत धरून कान मोकळे करण्याचे काम पहिल्या मीटरपासूनच सुरू करावे लागते, दुखू लागल्यावर जोर लावून उपयोग होत नाही. सुरुवातीच्या कित्येक बुड्यांत मी भाला वर बोयाला टांगून नुसती खाली जाऊन खडकाला धरून पडून राहिले. मार्गदर्शकाने तसेच सांगितले होते, आणि मासे पाहायचे असतील तर तीच रीत योग्य आहे. पाठलाग करणाऱ्यापासून मासा पळतो, पण स्वस्थ पडलेल्या माणसाकडे तो चौकशीला येतो. एकदा एक कासव अगदी जवळून गेले. तेथे त्यांना संरक्षण आहे, म्हणून आम्ही हात आखडून बाजूला झालो.

रोई मला लवकरच दिसला. गडद तपकिरी अंगावर निळे ठिपके आणि शेपटीकडे फिकट पट्टे, त्यामुळे ओळखायला शंका नव्हती. तो कपारीतून अर्धा बाहेर येऊन माझ्याकडे पाहत होता. मी मूठ सोडली नाही, आणि त्याचे कारण नेमबाजी नव्हते. रोईच्या मांसात सिग्वाटेरा हे विष असू शकते. प्रवाळावरच्या सूक्ष्म शैवालात ते तयार होते, शैवाल खाणाऱ्या माशांतून मोठ्या माशांत साठत जाते, त्याला चव नाही, वास नाही आणि शिजवूनही ते जात नाही. बाधा झाली तर उलट्या-जुलाबांच्या जोडीला थंड वस्तू हाताला चटका लागल्यासारखी भासते. त्यामुळे तेथे बरेच जण रोई खात नाहीत, मारलेले रोई बागेत खत म्हणून पुरतात. मार्गदर्शकाच्या मते प्रत्येक रोई मारणे हे प्रवाळावर उपकार आहेत, आणि आयुष्यभर तेथे मासेमारी केलेल्या माणसाशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. पण जो मासा ताटात येणार नाही तो हौसेसाठी सुट्टीवर आलेल्या बाईने मारावा, हे माझ्या मनाला पटेना. मी तसे सांगितले. तो हसला, स्वतः खाली गेला आणि तो रोई घेऊन वर आला. त्या समुद्राची देखभाल त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही, एवढाच मी त्याचा अर्थ लावला.

ताआपेबद्दल असा पेच नव्हता, कारण तो खातात. त्याचा थवा एका उतारावर संथ फिरत होता. थव्यावर भाला मारला की एकही लागत नाही, एक मासा ठरवून त्याच्यावरच नजर ठेवावी लागते, हे ऐकले होते आणि अनेकदा रिकामे वर आल्यावर ते खरे असल्याची खात्रीही झाली. शेवटी थव्याच्या कडेचा एक वीतभर लांबीचा मासा आडवा झाला, तेव्हा मी मूठ सोडली. दांड्यातून हातापर्यंत आलेली थरथर मात्र मला अजिबात अपेक्षित नव्हती. मार्गदर्शकाने मला वरच थांबवून मासा कसा धरायचा ते दाखवले आणि डोळ्यामागे मेंदूच्या जागी टोकदार सळई खुपसून त्याला क्षणात निश्चेष्ट केले. मासा तडफडत ठेवणे क्रूर तर आहेच, शिवाय त्याने मांसही बिघडते. कल्ले कापून रक्त जाऊ दिले आणि मासा लगेच बोयाला टांगलेल्या दोरीत ओवला. शार्क आलाच तर तो दोरीकडे जावा, माणसाकडे नाही, म्हणून मासा कमरेला बांधायचा नसतो. आम्हाला पांढऱ्या टोकाच्या पराचा एक लहान शार्क खडकाखाली झोपलेला दिसला, त्याने आमची दखल घेतली नाही. काही हवाई कुटुंबे शार्कला आपला कुलरक्षक मानतात, हे मार्गदर्शकाने परत येताना सांगितले.

भावालाही काही ताआपे मिळाले. किनाऱ्यावर ते बर्फ आणि समुद्राचे पाणी एकत्र केलेल्या पेटीत ठेवले गेले. साफ करण्याचे काम मी मागून घेतले, कारण तेवढ्यापुरता तरी तेथे माझा अनुभव सर्वांत जास्त होता. खवले सहज निघाले, मांस पांढरे आणि घट्ट होते. सुट्टीच्या घरात भावजयीने सॅन होजेहून आणलेला मालवणी मसाला, हळद आणि आमसुलाऐवजी लिंबू लावून ते मासे रव्यात तळले. डोकी आणि काटे टाकून द्यायला निघालेल्या भावाला थांबवून मी त्यांचे नारळाच्या दुधातले कालवण केले. कान दोन दिवस जड होते आणि रबर ताणून बेचक्यात वळ उठला होता, पण भात मात्र सर्वांनी पुन्हा मागून घेतला.