खोक्यातल्या हवेचा हिशेब

पार्सलने पाठवायच्या मालाचे पॅकेजिंग तपासणे आणि नव्याने आखून देणे हा माझा व्यवसाय आहे. ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे, त्या दिवशी मी घरगुती वापराच्या वस्तू आणि कपडे अनेक देशांत थेट ग्राहकांना पाठवणाऱ्या एका ब्रँडच्या गोदामात होते. मला बोलावण्यामागचा हेतू मर्यादित होता. युरोपीय संघाचे नवे नियम जवळ आले आहेत, तेव्हा कपड्यांची प्लॅस्टिकची पिशवी काढून तिच्या जागी कंपोस्ट होणारी पिशवी आणावी, खोक्यावर हिरवे पान छापावे आणि विषय मिटवावा, असे वरिष्ठांचे ठरले होते. माझ्याकडून त्यांना पुरवठादारांची यादी आणि एक शिफारसपत्र एवढेच हवे होते.

यादी देण्याआधी मी दिवसभर पॅकिंगच्या टेबलांजवळ उभे राहण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, पण ती कशासाठी हवी हे फारसे कोणाला पटलेले नव्हते.

युरोपीय संघात १९९४ पासून पॅकेजिंगविषयी जो निर्देश होता, तो प्रत्येक सदस्यदेशाने आपापल्या कायद्यात उतरवायचा असे, त्यामुळे एका देशात चालणारी गोष्ट दुसऱ्या देशात अडत असे. त्याची जागा घेणारा नवा नियम ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अमलात आला, तो सर्व सदस्यदेशांना थेट लागू आहे आणि त्यातील बहुतेक तरतुदींची सुरुवातीची तारीख १२ ऑगस्ट २०२६ ही आहे. पॅकेजिंग पुनर्चक्रीकरणास योग्य असावे, प्लॅस्टिकच्या भागात पुनर्वापरित प्लॅस्टिकचे ठरावीक प्रमाण असावे, अशा अटी २०३० पासून टप्प्याटप्प्याने कडक होत जातात. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती याच अटींची. पार्सलने माल पाठवणाऱ्यांना खरा घाम फोडणारी अट मात्र निराळी आहे: लवकरात लवकर २०३० पासून ई-व्यापाराच्या, वाहतुकीच्या आणि एकत्रित (अनेक नग एकत्र बांधणाऱ्या) पॅकेजिंगमध्ये रिकाम्या जागेचे प्रमाण पन्नास टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि हवेच्या उशा, बबल रॅप, कागदाचे कातरण, फोम अशा भरावाने व्यापलेली जागाही रिकामीच धरली जाते. खोके काठोकाठ भरलेले दिसले तरी कायद्याच्या लेखी ते अर्ध्याहून अधिक रिकामे असू शकते.

सकाळच्या पाळीत माझ्यासमोरून जाणारी पार्सले मी मापत होते. ग्राहकाला दुकानात मिळतो तसा मूळ वेष्टनातला माल आणि त्याचे पाठवणीचे खोके, अशी दोन मापे घ्यायची आणि फरकाला खोक्याच्या घनफळाने भागायचे, एवढेच ते काम. चिनी मातीच्या कपाचे मूळ वेष्टन १२ × १२ × ११ सेंटिमीटरचे होते, म्हणजे १,५८४ घनसेंटिमीटर. तो ज्या खोक्यातून निघाला होता त्याचे माप ३० × २२ × १५, म्हणजे ९,९०० घनसेंटिमीटर. चौऱ्याऐंशी टक्के जागा हवेची. ते खोके शंभर टक्के पुनर्वापरित कागदाचे होते आणि तसे त्याच्यावर अभिमानाने छापलेलेही होते.

गोदामात खोक्यांची पाच मापे उपलब्ध होती. टेबलांवर वापरात दिसत होती ती फक्त मोठी. कारण विचारण्यासाठी मी पॅकिंग विभागातल्या सर्वांत जुन्या बाईंकडे गेले. त्यांनी हात न थांबवता उत्तर दिले, "मॅडम, लहान खोकी त्या टोकाच्या मांडणीवर असतात. आणायला जायचे, मग त्यात वस्तू बसते का ते बघायचे, तोवर माझी दोन पार्सले मागे पडतात. मोठ्यात सगळेच बसते." त्यांची कामगिरी तासाला किती पार्सले बांधली यावर मोजली जात होती आणि तो आकडा भिंतीवरच्या पडद्यावर सर्वांना दिसत होता. वाया गेलेल्या जागेचा आकडा कोणत्याही पडद्यावर नव्हता. अशा स्थितीत त्यांनी मोठे खोके घेणे हे पूर्णपणे शहाणपणाचे होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

गोदाम व्यवस्थापकांनी यावर सांगितले की योग्य खोके सुचवणारी संगणकप्रणाली त्यांच्याकडे आहे, पण कर्मचारी तिचे ऐकत नाहीत. मी पडद्यावर कपाची नोंद उघडायला लावली. लांबी १, रुंदी १, उंची १. एकक रिकामे. माल पहिल्यांदा प्रणालीत घेताना रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून कोणीतरी एक-एक टाकून मोकळे झाले होते, आणि अशा नोंदी त्या एका कपापुरत्या नव्हत्या. प्रणाली त्या आकड्यांवरून कधी लिफाफा सुचवी, कधी काहीच सुचवत नसे. कर्मचाऱ्यांनी तिचे ऐकणे सोडून दिले यात नवल काही नव्हते. पर्यावरणपूरक पॅकेजिंगच्या चर्चेत साहित्य, शाई, डिंक यांवर तासन्तास बोलणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. मालाची खरी मापे मागणारी फार थोडी. तरीही क्रम पाहिला तर पहिली पायरी हीच आहे, कारण मापांशिवाय खोक्यांची योग्य मापे ठरत नाहीत, खोके सुचवणारी प्रणाली चालत नाही आणि उद्या नियामकाने विचारले तर हिशेबही देता येत नाही.

दुपारी आम्ही कपासाठी नवे खोके बसवून पाहिले, आणि इथे विषयातली खरी गाठ समोर आली. नाजूक वस्तूभोवती सर्व बाजूंनी दोन सेंटिमीटरचे संरक्षण ठेवावे, असा त्या ब्रँडचा अंतर्गत दंडक होता. तो पाळला तर खोके १६ × १६ × १५ चे होते, घनफळ ३,८४० घनसेंटिमीटर, आणि रिकामी जागा जवळजवळ एकोणसाठ टक्के. म्हणजे अगदी बेताचे, नेटके दिसणारे खोकेही मर्यादेबाहेर! वस्तू जितकी लहान, तितके तिच्याभोवतीचे थोडेसे अंतरही घनफळात भारी पडते. हेच अंतर एक सेंटिमीटरवर आणले की खोके १४ × १४ × १३ चे होते आणि रिकामी जागा अडतीस टक्क्यांवर येते. कायद्यात बसण्यासाठी अंतर कमी करायचे आणि कप फुटू द्यायचा नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या होत्या. फुटलेल्या मालाचा बोजा पॅकेजिंगच्या बोजाहून कितीतरी मोठा असतो: नवा कप बनवायचा, पुन्हा पाठवायचा, आणि चिनी मातीचे तुकडे घरगुती पुनर्चक्रीकरणात जात नाहीत ते वेगळेच.

गोदामाच्या एका कोपऱ्यात आम्ही प्राथमिक आपटचाचणी लावली. आंतरराष्ट्रीय सुरक्षित वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इस्टाच्या, प्राथमिक चाचणीपद्धतीत हलके पार्सल सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवरून एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहा वेळा पृष्ठभागांवर टाकतात. तोच क्रम आम्ही ठेवला. कोपऱ्यावरची आपट कपाने सोसली, पण कडेवरच्या आपटीत त्याचा कान तुटला. वेष्टन उघडल्यावर कारण लगेच दिसले. कान वेष्टनाच्या सपाट भिंतीला टेकलेला होता, त्यामुळे बाहेरचा धक्का थेट त्याच्यापर्यंत पोहोचत होता.

उपाय सुचवला तो त्या पॅकिंगच्या बाईंनी. त्या चाचणी बघायला मधल्या सुटीत आल्या होत्या. परत आलेल्या पार्सलांत कान तुटलेले कपच सर्वाधिक असतात, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते, फक्त ते त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या म्हणाल्या, "कान कोपऱ्याकडे फिरवून ठेवा ना, तिथे जागा असते." चौरस वेष्टनात कर्णाच्या दिशेला सर्वाधिक मोकळी जागा असते, ही भूमितीतली साधी गोष्ट आहे. पण वेष्टनावरच्या खिडकीतून कानाची नक्षी दिसावी म्हणून तो भिंतीकडे वळवलेला होता. आम्ही पुठ्ठ्याची एक पट्टी कापून कपाला वर-खाली धरणारी चौकट केली, कान कर्णाकडे वळवला आणि पुन्हा सगळा क्रम चालवला. कप शाबूत राहिला. संरक्षण मूळ वेष्टनाच्या आत गेल्यामुळे बाहेरच्या खोक्यात भराव घालण्याची गरजच उरली नाही. ही युक्ती वाट्टेल तशी ताणता येत नाही हे मी तिथेच स्पष्ट केले, कारण नव्या नियमानुसार मूळ वेष्टनाचेही वजन आणि आकारमान आवश्यक तेवढेच असावे लागते. मात्र इथे वेष्टनाचे माप तसूभरही वाढलेले नव्हते. अधिकृत प्रयोगशाळेतली कंपनासह आणि दमट हवेतली चाचणी अर्थात बाकी होती. पुठ्ठा ओलसर हवेत आपली बरीच ताकद गमावतो, आणि गोदामाच्या कोरड्या कोपऱ्यातल्या यशावर छपाईची मागणी नोंदवणे धोक्याचे असते.

संध्याकाळच्या बैठकीत विपणन विभागाचा पहिला प्रश्न हिरव्या पानाबद्दल आणि कंपोस्ट होणाऱ्या पिशवीबद्दलच होता. मी त्यांना सांगितले की कंपोस्ट होणाऱ्या पॅकेजिंगचे युरोपातील मानक, ईएन १३४३२, हे औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातील उष्णता आणि काळ गृहीत धरते. ग्राहकाच्या घरामागच्या खड्ड्याचा त्यात विचार नाही. ग्राहक ती पिशवी इतर प्लॅस्टिकमध्ये टाकतो आणि तिथे ती पुनर्चक्रीकरणाचा माल बिघडवते. नव्या नियमानेही कंपोस्टचा मार्ग चहाकॉफीच्या पुड्या, फळांवरच्या चिकटचिठ्ठ्या अशा मोजक्या वस्तूंसाठी राखला आहे. एरवीच्या पॅकेजिंगकडून अपेक्षा आहे ती साहित्याच्या पुनर्चक्रीकरणाची. कपड्यांना आपटीची भीती नसते. त्यांच्यासाठी एकाच साहित्याची, पातळ, पुनर्वापरित प्लॅस्टिकची पिशवी किंवा साधी कागदी पिशवी, दोन्ही चालण्यासारख्या आहेत, फक्त कागद आणि बबल एकमेकांना चिकटवलेला जाड लिफाफा नको, कारण तो कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या, कोणत्याच पुनर्चक्रीकरणात नीट जात नाही. पिशवी काळी नको, असेही मी सुचवले. कार्बनयुक्त काळा रंग वर्गीकरणयंत्रांच्या अवरक्त किरणांना दिसत नाही आणि पुनर्चक्रीकरणयोग्य प्लॅस्टिकही कचऱ्यात जाते. त्यांची पिशवी काळीच होती, ब्रँडच्या रंगाची. या मुद्द्यावर खोलीत बराच वेळ शांतता होती.

वित्तप्रमुख तोपर्यंत घड्याळाकडे पाहत होते. त्यांना मी पिशवीऐवजी कपाच्या खोक्याचा आकडा दाखवला. हवाई कुरिअर बहुधा सेंटिमीटरमधल्या घनफळाला ५,००० ने भागून आकारमानी वजन काढतात आणि प्रत्यक्ष वजनाहून ते अधिक भरले तर त्यावर भाडे लावतात. जुन्या खोक्याचे आकारमानी वजन जवळजवळ दोन किलो, नव्याचे अर्ध्या किलोच्या आसपास. त्यानंतर बैठकीत सर्वाधिक प्रश्न त्यांनीच विचारले.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या पॅकेजिंगसाठी अनुरूपतेचे घोषणापत्र (पॅकेजिंग नियमांत बसते असे लेखी निवेदन) आणि तांत्रिक दस्तऐवज लागतात, एकदाच वापरायच्या पॅकेजिंगबाबत ते पाच वर्षे जपावे लागतात, आणि शिसे, कॅडमियम, पारा व षट्संयुजी क्रोमियम यांचे एकूण प्रमाण किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असल्याचा पुरावा पुरवठादाराकडून घ्यावा लागतो. शिवाय जर्मनीसारख्या देशात माल पाठवणाऱ्याला तिथल्या पॅकेजिंग नोंदवहीत नाव नोंदवावे लागते, आणि जुलै २०२२ पासून ऑनलाइन बाजारपेठांनाही ती नोंदणी तपासल्याशिवाय विक्रेत्याला माल विकू देता येत नाही. या ब्रँडच्या खोकेपुरवठादाराने आजवर पाठवलेले एकमेव कागदपत्र म्हणजे बिल होते. खरेदी विभागाने त्याच संध्याकाळी त्याला पत्र लिहायला घेतले.

ठरले ते असे: सर्वाधिक खपणाऱ्या मालापासून सुरुवात करून प्रत्येक वस्तू मापून नोंद दुरुस्त करायची, ते पूर्ण झाल्यावरच खोक्यांची मापे निश्चित करायची, लहान खोकी टेबलाला लागून ठेवायची आणि भिंतीवरच्या पडद्यावर वेगाशेजारी योग्य खोक्याचे प्रमाणही दाखवायचे. शेवटच्या मुद्द्याला गोदाम व्यवस्थापकांनी विरोध केला. त्यांच्या मते दोन आकड्यांचा दाब कर्मचाऱ्यांवर अन्याय ठरेल. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले, म्हणून वेगाचे लक्ष्य आधी सैल करावे आणि मगच दुसरा आकडा लावावा, असे मी सुचवले. ते मान्य झाले.

काचेच्या दिव्याचा निर्णय मात्र झाला नाही. त्याचे मूळ वेष्टन २४ × २४ × ३० चे आणि पाठवणीचे खोके ४० × ४० × ४५ चे, म्हणजे शहात्तर टक्के रिकामे. बाहेरचे खोके काढून टाकून मूळ वेष्टनच मजबूत पुठ्ठ्याचे करावे आणि त्यावरच पत्ता चिकटवावा, हा मार्ग नियमाला मान्य आहे, कारण मूळ वेष्टन हेच पाठवणीचे वेष्टन असेल तर पन्नास टक्क्यांची अट लागत नाही, फक्त अनावश्यक मोठेपणा टाळण्याचे बंधन उरते. पण दिवा भेट म्हणून अधिक विकला जातो, दारात ठेवलेल्या पार्सलवरूनच आत काय आहे ते कळले तर भेटीची गंमत जाते आणि चोरीचा धोका वाढतो, असे विक्री विभागाचे म्हणणे पडले. छपाई आतल्या बाजूने घ्यावी आणि बाहेरची बाजू कोरी ठेवावी, असा एक मधला नमुना करायचे ठरले. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीत टिकला तर विक्री विभाग पुन्हा चर्चेला बसणार आहे, आणि तोवर दिवा जुन्याच खोक्यातून जात राहील.