झाडूगाडीचा ड्रायव्हर

2018 चा उन्हाळा, पोर्तुगालच्या उत्तरेकडचं ब्रागा शहर. मला तिथे येऊन जेमतेम आठ महिने झालेले, डिचोलीहून. आजोबांची जन्मनोंद गोवा मुक्तीच्या आधीची, तिच्या जोरावर पासपोर्ट झाला (गोव्यात यात कुणालाच नवल वाटत नाही, पुण्यामुंबईचे लोक मात्र डोळे विस्फारतात). काम मिळालं ते गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत, ड्रायव्हरचं. भाषा तोडकीमोडकी, पण चावी, पगार, बालदी, साबण, पाव, बटाटा एवढी शिदोरी घरूनच आणली होती ना! सगळे त्यांचेच शब्द, नीट गोल तोंड करून म्हटले की काम भागतं.

त्या वर्षी विद्यापीठ विद्यार्थ्यांची वर्ल्ड सायकलिंग चॅम्पियनशिप ब्रागात होती, फिसू म्हणून विद्यापीठ खेळांची जागतिक संघटना आहे त्यांची. मिन्यो विद्यापीठाचं एक कॅम्पस ब्रागात आहे, दुसरं शेजारच्या गिमारांइशला, त्यामुळे शहरभर वेगवेगळ्या देशांच्या ट्रॅकसूटातली पोरं. सगळी पंचविशीच्या आतली, आणि कुठेतरी शिकत असलेली किंवा नुकतीच पास झालेली, तशी अटच असते. आमच्या कंपनीच्या गाड्या स्पर्धेला लागल्या आणि बायकांच्या रोड रेसच्या दिवशी माझ्या वाट्याला आली नऊ सीटची व्हॅन. पुढे काचेवर कागद चिकटवलेला, काहू वासोरा. वासोरा म्हणजे झाडू. शर्यतीच्या सगळ्यात मागे चालायचं, ज्याला झेपत नाही त्याला उचलायचं, रस्ता साफ. मला आधी वाटलं हा माझ्या नवेपणाचा सन्मान आहे, पण नाही, सगळीकडे तेच नाव आहे म्हणे.

माझ्या शेजारी एक कमिसेर बाई, म्हणजे पंच, साठीच्या आसपासच्या, गळ्यात शिट्टी, मांडीवर याद्यांचा गठ्ठा. शर्यतीच्या सगळ्यात पुढे लाल झेंड्याची गाडी असते, सगळ्यात मागे हिरव्या झेंड्याची, या दोन झेंड्यांच्या मधला रस्ता तेवढ्यापुरता शर्यतीचा, हिरवा झेंडा गेला की पोलिस रस्ता मोकळा करतात. आमच्या मागे तो हिरवा झेंडा. पुढे काय चाललंय ते आम्हाला फक्त रेडिओवरून कळणार, कोण पळाली, कोण आघाडीवर. खरं सांगू, मला तर शर्यत दिसलीच नाही, मला दिसल्या त्या पाठी. घामाने भिजलेल्या, पिनांनी नंबर लावलेल्या पाठी.

पहिल्या तासाभरात तिघी आल्या. गाडीत घेण्याआधी नंबर काढून घ्यायचा हा नियम, नंबर पाठीवर नसला की तुम्ही शर्यतीत नाही. जर्सी ओली असते, कापड पिनेला चिकटतं, हात थरथरत असतात, दमल्यामुळे आणि रागानेही. चार कोपऱ्यांना चार पिना. बाई स्वतः हात लावायच्या नाहीत, शांत उभ्या राहायच्या, मग नंबर हातात घेऊन यादीत वेळ लिहायच्या. एकीने रडत रडत चौथी पिन ओढली तर जर्सीच फाटली. दुसरी आत बसली ती पाच मिनिटांत झोपली, तोंड उघडं टाकून, आमची ताई ट्रेनमध्ये झोपते तशी. तिसरी फार्मसी शिकणारी, तिने बॅग मागवून घेतली (बॅगा आमच्याच गाडीत होत्या), मोबाईल काढला आणि कसल्यातरी नोट्स वाचायला लागली. सप्टेंबरात एक राहिलेला पेपर द्यायचाय म्हणाली. इथे मला पहिल्यांदा जाणवलं की अरे ही खरंच कॉलेजची पोरं आहेत! पुढे जी धावत होती त्यातल्या काही तर प्रोफेशनल टीमच्या, आणि मागे ही, तीच शर्यत, तोच रस्ता.

आणि मग ती चौथी. आधी कुठेतरी पडली होती, कोपर सोललेलं, आणि आता एका चढाच्या पायथ्याशी सायकल घेऊन उभी. टीमची गाडी पुढच्यांबरोबर निघून गेलेली, न्यूट्रल सर्व्हिसची पण (ती कुठल्याच टीमची नसते, कुणालाही मदत करते). मी गाडी बाजूला घेतली, बाई उतरल्या, बोलल्या आणि मागे वळून मला ओरडल्या, "शाव! शाव!" शाव म्हणजे चावी, हे तर मी आईच्या पोटातून शिकून आलोय. इग्निशनची चावी काढली, पळत गेलो, हातात दिली. बाईंनी चावीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे पान्यालाही शावच म्हणतात हो. त्यांना ॲलन की हवी होती, तो षटकोनी पाना.

झाडूगाडीकडून रायडरला तांत्रिक मदत चालते, आपली टीम किंवा न्यूट्रल गाडीवाले देतात तशी. आमच्या गाडीत टूलबॉक्स होता पण मेकॅनिक नव्हता. मी म्हटलं, मी बघतो. डिचोलीला बाबांचं सायकलचं दुकान होतं, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधण्यापासून ते रीमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यापर्यंत सगळं केलंय मी, फक्त आमच्याकडे हीरो नाहीतर ॲटलास यायची आणि ही होती कार्बनची, माझ्या वर्षभराच्या पगाराची.

पण भानगड ओळखीचीच. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवतो तो, ज्या पट्टीला लटकतो ना, हँगर, ती पडल्यावर आत वाकली होती. सगळ्यात हलक्या गिअरवर टाकलं की डिरेलर स्पोकना घासत होता, आणखी जोर लावला असता तर चाकात जाऊन सगळंच तुटलं असतं. बोल्टमध्ये ॲलन की घातली आणि जीव मुठीत धरून हळूच बाहेर ओढलं, थोडंच, कारण ती पट्टी ॲल्युमिनियमची असते, जास्त वाकवली तर कडकन तुटते. मग लो लिमिटचा बारीक स्क्रू असतो तो आवळला, म्हणजे चेन शेवटच्या दातेरी चकतीवर चढणारच नाही. याचा अर्थ सगळ्यात हलका गिअर गेला. समोर चढ. मी बोटाने दाखवलं, हा नाही, बाकीचे आहेत. तिने मान हलवली, एक पाय पेडलवर टाकला आणि गेली.

पुढचे वीस-पंचवीस मिनिटं मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे. जड गिअरवर चढ म्हणजे काय ते मागून बघायला हवं, प्रत्येक पेडलला अख्खी सायकल डावीउजवीकडे झुकायची, सीटवर ती बसलीच नाही. घराच्या कठड्यावरून एक आजी "फोर्सा, फोर्सा" करत होती. लांब डोंगरावर बॉम जीझसचं देऊळ दिसत होतं, इथलं बरं का, आपल्या जुन्या गोव्यातलं नव्हे. तिथे वर जायला 1882 सालची केबलची रेल्वे आहे, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, त्याच्या वजनाने तो खाली येतो आणि खालचा वर खेचला जातो. मी मनात म्हटलं, इथे हिला कोण पाणी भरून देणार.

चढ संपला तेव्हा गाडीतल्या तिघींनी टाळ्या वाजवल्या. झोपलेली पण उठली होती. आणि तेवढ्यात रेडिओ वाजला. बाईंनी घड्याळ पाहिलं, यादी पाहिली, काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या रायडरशी अंतर फार झालं होतं, एवढ्यासाठी रस्ता बंद ठेवता येत नाही. मला हाताने खूण केली, पुढे काढ. मी उगाच आरशात बघितल्यासारखं केलं, म्हणजे खूण दिसलीच नाही असं. बाई म्हणाल्या, "सेन्योर." बस, एवढंच. पण त्या स्वरात आमच्या शाळेच्या हेडबाई होत्या.

तिने वाद घातला नाही. मला वाटलेलं रडेल, चिडेल. हात मागे नेऊन एक एक पिन काढली, चारी पिना नंबरला परत नीट टोचल्या, घडी घालून बाईंच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून मोडक्या इंग्रजीत विचारलं, कुठला स्क्रू? मी सायकल मागे चढवता चढवता दाखवला. दोन स्क्रू असतात, एक हलक्या बाजूचा, एक जड बाजूचा, कुठला किती फिरवला, का फिरवला. तिने मोबाईलमध्ये फोटो काढला. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि स्वतःच्या सायकलचा स्क्रू आजवर कधी फिरवला नव्हता म्हणे, टीमचा माणूस करतो. फार्मसीवालीने तिला आपल्याजवळची उरलेली बिस्किटं दिली. माझ्याकडे डब्यात बटाट्याची भाजी आणि पाव होता, तो चौघींनी संपवला. बाईंनी पण एक तुकडा घेतला, हे मुद्दाम सांगतो.

कोण जिंकलं ते मला दुसऱ्या दिवशी पण माहीत नव्हतं.

संध्याकाळी गाडी जमा करायला गेलो तर मॅनेजर सीटवर बोट ठेवून उभा. काळा डाग, ग्रीसचा, माझ्याच हाताचा असणार. पगारातून कापू म्हणाला, पुढच्या महिन्यात कापले पण. मी म्हटलं साहेब, आधी एक बालदी पाणी आणि साबण द्या. नीट गोल तोंड करून म्हटलं. तो आत गेला आणि खरोखरच घेऊन आला.