भरती नव्हता, म्हणून आजारी नाही?

माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियाचा पेशंट आहे. कित्येक वर्षं गोळ्या चालू आहेत आणि तो घरीच असतो, मानेवाड्याला, आईजवळ. सकाळी गल्लीतल्या किराणा दुकानात बसतो; दुकानदार काकांना सगळं माहीत आहे. ही घडी आम्ही फार कष्टाने बसवली आणि दिव्यांग दाखल्याच्या वेळी नेमकी तीच आडवी आली.

दिव्यांग दाखल्याच्या सरकारी वेबसाइटवर, स्वावलंबन पोर्टलवर, अर्ज पटकन भरला गेला. अडलं ते दाखल्याच्या खिडकीवर.

"मनोरुग्णालयात भरती होता का?"

"नाही, ओपीडीत दाखवतो."

"ओपीडीत तर कोणीही जाते, ताई. डिस्चार्ज कार्ड आणा."

हे इतक्या मोठ्याने, की अख्खी रांग वळून पाहायला लागली. भाऊ शर्टाचं एकच बटण पिळत राहिला, ते तुटून हातात येईपर्यंत. पुढच्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तेच कार्ड. नागपूरचा मे महिना. उन्हातून आला की त्याला रात्रभर झोप नाही.

माझा संताप अजून गेलेला नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे, आणि दाखल्यासाठी भरती झालेलं असावं अशी अट त्यात नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर समाजात राहण्याचा हक्कच देतो. त्याला घरी सांभाळलं, त्याची ही शिक्षा का?

वाट दाखवली ती ओपीडीतल्या समाजसेविका ताईंनी. डॉक्टरांकडून उपचारांचा गोषवारा घ्या म्हणाल्या: आजार केव्हापासून, औषधं कोणती, मधे केव्हा बिघडलं, आज काय जमत नाही. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. तो घेऊन मी खिडकीवर म्हटलं, "डिस्चार्ज कार्डाशिवाय होत नाही, हे सहीनिशी लिहून द्या." फाइल त्याच दिवशी आत गेली.

जुन्या चिठ्ठ्या फेकू नका, शाई उडायच्या आत फोटो काढा. तपासणीत दिव्यांगत्वाचे टक्के गुणांवरून ठरतात, आणि आजार किती वर्षांचा, यालाही गुण असतात. बाकीचे गुण चार गोष्टींना: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. आईने त्याची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं होतं. डॉक्टरांना मी स्पष्ट सांगितलं की अंघोळीसाठी रोज मागे लागावं लागतं, गोळी हातावर ठेवावी लागते. सोबत जाणाऱ्याने हे बोललंच पाहिजे. 40 टक्क्यांच्या खाली गेलं तर बहुतेक योजना हातच्या जातात.

आणि हो, रात्री-बेरात्री बिघडलं तर 14416, टेली मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दाखला तात्पुरता असेल तर त्यावरची मुदत बघून ठेवा. नूतनीकरणाला जाताना गोषवारा नवा घ्या. आमचा आता संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलला गेला आहे.