रक्तातल्या प्लास्टिकचा अहवाल आणि सात आठवड्यांचा पाठपुरावा

माझ्या हातात अखेर जो अहवाल आला त्यावर एक आकडा होता, आकड्याभोवती नारिंगी चौकट होती आणि चौकटीखाली ‘मध्यम’ एवढा एकच शब्द होता. हे ‘मध्यम’ कोणाच्या तुलनेत, हा साधा प्रश्न विचारण्यात माझे पुढचे सात आठवडे गेले. तो मनस्ताप अजून ओसरलेला नाही, आणि रक्तातील प्लास्टिकचे कण मोजणारी अशी चाचणी करून घेण्याच्या विचारात असलेल्यांना तो टाळता यावा म्हणून हे लिहीत आहे.

बाबांच्या मानेतील रक्तवाहिनीत साठलेला चरबीचा थर काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती. ती व्यवस्थित पार पडली. ते घरी आल्यानंतर २०२४ च्या मार्चमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला इटलीतील संशोधकांचा अभ्यास माझ्या वाचनात आला. याच शस्त्रक्रियेत काढलेले थर त्यांनी तपासले होते. शेवटपर्यंत पाठपुरावा झालेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन, म्हणजे पिशव्यांचे नेहमीचे प्लास्टिक, सापडले, आणि सरासरी ३४ महिन्यांच्या काळात या रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या सुमारे साडेचार पट आढळला. प्लास्टिकमुळेच हे घडले असे या अभ्यासातून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीही स्पष्ट केले आहे. पण घरातलाच माणूस नुकता त्या टेबलावरून उठून आलेला असताना अशी वाक्ये शांतपणे वाचवत नाहीत. डॉक्टरांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितले होते की उपचार ठरवण्यासाठी उपयोगी पडेल अशी मायक्रोप्लास्टिकची, म्हणजे प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म कणांची, कोणतीही रक्तचाचणी आज नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि गोळ्यांच्या वेळा सांभाळा. मी ते ऐकले, मान डोलावली आणि घरी येऊन बोट टोचून रक्त घेण्याचा संच मागवला. एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरातले खाणारी मी. माझ्या रक्तात काय आहे ते कळले तर बाबांबद्दलही अंदाज येईल, असा माझा हिशेब होता.

मागवणे, रक्त काढणे आणि पाठवणे यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. एकच गोष्ट तेव्हा खटकायला हवी होती. संचातील नळी, तिचे झाकण आणि ती ठेवायची पिशवी, सगळे प्लास्टिकचे होते, आणि मी अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर घालून, पंख्याखाली बसून ते रक्त काढले होते.

अहवाल आल्यावर मी वाचायला बसले. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी माणसाच्या रक्तात प्लास्टिकचे कण पहिल्यांदा मोजले, तेव्हा २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात ते सापडले. अशा कामात खरी अडचण असते ती हवेतून, कपड्यांतून आणि उपकरणांतून नमुन्यात पडणाऱ्या कणांची. म्हणून संशोधक कोरा नमुना चालवतात, म्हणजे रक्त न घालता तीच नळी आणि तीच कृती वापरून किती कण दिसतात ते पाहतात आणि त्याचा हिशेब धरूनच रक्तातील आकडा सांगतात. माझ्या अहवालात कोऱ्या नमुन्याचा उल्लेखही नव्हता.

मी प्रयोगशाळेला तीन प्रश्न लिहून पाठवले. कोऱ्या नळीत किती कण सापडतात? किती लहान आकारापर्यंतचे कण तुम्ही मोजता? ‘मध्यम’ ही पायरी कशावरून ठरवली? पहिल्या आठवड्यात आभाराचा छापील निरोप आला. दुसऱ्या आठवड्यात फोन केला तेव्हा प्रश्न तांत्रिक विभागाकडे पाठवल्याचे सांगण्यात आले आणि एक तक्रार क्रमांक मिळाला. तिसऱ्या आठवड्यात तो क्रमांक ‘निकाली’ दाखवत होता. काय निकाल लागला, असे विचारल्यावर पलीकडच्या बाईंनी, अहवाल तुम्हाला मिळाला आहे ना, असा उलट प्रश्न केला. मी पुन्हा तक्रार नोंदवली. चौथ्या आठवड्यात उत्तर म्हणून एक रंगीत पत्रक आले, ज्यात भरपूर पाणी प्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करा असे दोनच मुद्दे ठळक अक्षरांत होते. पाचव्या आठवड्यात तेच तीन प्रश्न क्रमांक घालून, एकेका ओळीत, नव्याने पाठवले. या सगळ्या काळात बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, काही कळले का गं, आणि माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखे काहीही नसायचे. त्यांच्या मनात ती काळजी मीच घातली होती, याचा त्रास मला त्या आकड्यापेक्षा जास्त झाला.

सातव्या आठवड्यात तांत्रिक विभागातील एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी कोणतेही आढेवेढे न घेता उत्तरे दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. प्रयोगशाळेत कोरा नमुना चालवला जातो, पण तो त्यांच्या काचेच्या भांड्यातला. ग्राहकाकडे जाणारी नळी कोरी तपासली जात नाही. काही मायक्रोमीटरपेक्षा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण त्यांच्या पद्धतीत दिसतच नाहीत. आणि ‘मध्यम’ ही पायरी त्यांच्याच आधीच्या ग्राहकांच्या आकड्यांवरून पाडलेली होती, तिचा आजाराच्या धोक्याशी संबंध नव्हता. आपली तांबडी रक्तपेशी साधारण सात मायक्रोमीटर रुंद असते, आणि पेशींत शिरण्याची शक्यता ज्यांच्याबाबत अधिक मानली जाते ते नॅनोप्लास्टिकचे कण एका मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. म्हणजे ज्यांची मला सर्वाधिक भीती होती ते कण त्या आकड्यात नव्हतेच, आणि जे होते त्यातले किती माझ्या स्वेटरचे आणि किती नळीचे, हे सांगायला कोणीही समर्थ नव्हते. फोन ठेवल्यावर मला राग आला, पण त्याहून मोठा होता तो सुटकेचा निःश्वास.

म्हणून सांगते, हे तीन प्रश्न नमुना पाठवण्यापूर्वी विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. ती मिळत नसतील तर बोट टोचून घेऊ नका.

घरातले बदल मात्र मी अहवालाची वाट न पाहता एका दुपारीच केले होते, आणि त्याचा मला अभिमान आहे. सर्वात आधी भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट काढला. त्याच्या मधोमध सुरीच्या खाचा इतक्या दाट झाल्या होत्या की नख फिरवले तर पांढरा, केसासारखा बारीक कीस नखाखाली जमत होता. तो आजवर कशात मिसळत होता हे वेगळे सांगायला नको. त्याजागी लाकडी पाट आला. त्यानंतर गरम अन्नाचे सगळे डबे स्टीलचे आणि काचेचे केले, कारण उष्णता हा यातला एक मोठा घटक आहे. डब्लिनमधील संशोधकांनी २०२० मध्ये बाळाच्या दुधाच्या, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा पाण्याचे तापमान २५ वरून ९५ अंशांवर नेल्यावर लिटरमागे सुटणारे कण सुमारे ६ लाखांवरून साडेपाच कोटींवर गेले. डब्यावरचे ‘मायक्रोवेव्हसाठी सुरक्षित’ हे शब्द डबा वितळणार किंवा वाकणार नाही एवढेच सांगतात. ‘बीपीए (प्लास्टिक बनवताना वापरले जाणारे एक रसायन) नाही’ हे शब्दही कणांबद्दल काही सांगत नाहीत, आणि त्या जागी अनेकदा बीपीएस हे त्याचेच भावंड वापरलेले असते.

बाटलीबंद पाणी फक्त नाइलाज असेल तेव्हा घ्यावे, कारण २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांना त्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार कण आढळले आणि त्यातले ९० टक्के नॅनोप्लास्टिकचे होते. पाणी उकळण्याचाही उपयोग होतो, विशेषतः ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेले, असेल तर. उकळताना खाली बसणाऱ्या पांढऱ्या क्षारांत कण अडकतात. चीनमधील एका प्रयोगात अतिशय जड पाण्यातून याच रीतीने जवळपास ९० टक्के कण गेले, मृदू पाण्यातून मात्र सुमारे चतुर्थांशच. पातेले अर्थातच स्टीलचे हवे, आणि वरचे पाणी गाळून घेऊन तळाचा साका टाकून द्यावा. झाडण्याबद्दल सांगायचे राहिले. घरातल्या धुळीत कपड्यांचे आणि पडद्यांचे कृत्रिम धागे भरपूर असतात आणि कोरड्या झाडूने ते पुन्हा हवेत उडतात, म्हणून आम्ही आता ओल्या फडक्याने पुसतो.

एक गोष्ट मला घाबरलेल्या नातेवाइकांना फोनवर पुनःपुन्हा सांगावी लागते. सलाईनची नळी, इंजेक्शनची सिरिंज, गोळ्यांचे वेष्टन यांत प्लास्टिक आहे म्हणून उपचार नाकारू नका. बाबांचा जीव ज्या खोलीत वाचला तिथली निम्मी सामग्री प्लास्टिकची होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ आणि २०२२ च्या आपल्या अहवालांत मानवी आरोग्यावरील परिणामांबाबत ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा अद्याप नसल्याचेच म्हटले होते. त्यानंतर चिंता वाढवणारे अभ्यास आले आहेत, पण ब्लॉक झालेल्या रक्तवाहिनीचा धोका हा आधीपासूनच सिद्ध झालेला धोका आहे.

बाबांना मी हे सगळे एका संध्याकाळी समोर बसून सांगितले. त्यांनी अहवालाचा कागद घेतला, चौकटीतला आकडा एकदा पाहिला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या गोळ्यांच्या वेळा लिहून तो कपाटाच्या दाराला लावला. तीन महिने पूर्ण होताच प्रयोगशाळेकडून पुन्हा चाचणी करण्याची आठवण आली, तेव्हा मी एका ओळीचे उत्तर पाठवले, की आधी एक नळी कोरीच तपासून तिचा आकडा कळवावा. त्याचे उत्तर आलेले नाही.