तुम्ही विचारलंत म्हणून: बाजीचा पट्टा

बडोद्याच्या पोलो ग्राउंडवर सकाळी माझ्या कुत्र्याला, बाजीला, पट्ट्यात बघून कुणी ना कुणी विचारतंच. 'एने छूटो मूको ने, बेन!' म्हणजे, सोडा ना त्याला मोकळा. आपली मराठी मंडळी तर हक्कानं सुनावतात, 'अहो, मुधोळ ना हा? धावायला जन्मलेलं जनावर, आणि तुम्ही पट्ट्याला बांधून फिरवता?' खायला घालत नाही का, हा पुढचा प्रश्न. घालते हो. बरगड्या दिसणं हीच या जातीची तब्येत.

मुधोळच्या घोरपड्यांनी ही जात जोपासली, 2005 मध्ये टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, हे मला सांगू नका. बाजीला आणलं तेव्हा मीच ते सगळ्यांना ऐकवत होते. वर 'असल्या कुत्र्याला पट्टा म्हणजे अपमान' हेही.

बीगल नाक जमिनीला लावून माग काढतो, त्याला गाठायला निदान वेळ मिळतो. हा नजरेवर शिकार करणारा. लांबवर काही हललं की निघाला, आणि निघाला की कान बंद. वळण लावलं नाही असं समजू नका. घरात एका हाकेवर उठतो. एरवी दिवसभर सोफ्यावर, सासूबाईंच्या शालीवर डोकं ठेवून.

एका उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, आम्ही गच्चीवर होतो, बाजी खाली अंगणात. शेजारच्या बेन उंधियूचा डबा घेऊन आल्या, फाटक उघडलं, आणि नेमका तेव्हाच एक कटलेला पतंग गोते खात गल्लीत उतरला. मला वरून फक्त त्याची पाठ दिसली, ताणलेली, मग तीही नाही. चहूकडून 'काप्यो छे!'चा गदारोळ, त्यात माझी हाक कुठली ऐकू येणार? शांतता असती तरी त्यानं ऐकली नसती.

दोन गल्ल्या पलीकडे एका टेम्पोखाली सापडला. मांजा छातीवरून काखेत गेला होता. या कुत्र्यांची कातडी पातळ, कागदासारखी उघडली होती. अंगात चरबी जवळजवळ नसते, म्हणून भूल देतानाही डॉक्टर फार जपून. दवाखान्यात त्या दिवशी सगळी मांज्यानं कापलेली पाखरं, खोक्यांत भरलेली. टाके घालून बाजीला जमिनीवर निजवला होता, डोळे अर्धवट मिटलेले. शेजारच्या खोक्यात एक कबुतर फडफडलं, आणि याचे कान उभे! मान उचलवत नव्हती, पण नजर खोक्यावर. मी रडता रडता हसले, आणि त्याचा रागही आला.

तर पट्टा म्हणून आहे. उद्या पतंगाऐवजी खार असेल, रस्त्यापलीकडचं मांजर असेल. शहराच्या मधोमध विश्वामित्री वाहते, तिच्यात मगरी आहेत.

आणि तरी, तुम्ही म्हणता ते मला पटतच नाही असंही नाही. बडोद्याजवळच्या पादरा गावी ओळखीच्यांचं जाळी मारलेलं शेत आहे, जमेल त्या रविवारी तिथं सोडतो. सुटला की पोट जमिनीला टेकतंय असं वाटेपर्यंत पळतो. मग जाळीपाशी जाऊन पलीकडच्या शेळ्या बघत उभा राहतो. मी म्हणते, धावून मन भरलं त्याचं. मुलगी म्हणते, 'आई, हे तू स्वतःला सांगतेयस.' यावरून गाडीत आमचं दर वेळी वाजतं. तिनं सोडून दाखवावं म्हटलं, तर तीही पट्टा हातात दोनदा गुंडाळून धरते.

तेव्हा पोलो ग्राउंडवर भेटलात तर दुसरं काही विचारा.