वृद्धाश्रम बघायला जाताना

परभणीच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी झाली. त्यामुळे ओळखीतली, बहुतेक पुण्याला स्थायिक झालेली लेकरं फोन करून विचारतात, "मावशी, आईला वृद्धाश्रमात ठेवायचंय. तिथं नीट बघतात की नाही, हे कसं ओळखायचं?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

बाग, देवघर, भिंतीवरचे वाढदिवसाचे फोटो यांत वेळ घालवू नका. सरळ म्हणा, "अंथरुणाला खिळलेले कोण आहेत? त्यांची हरकत नसेल तर भेटायचंय." हिंडत्याफिरत्या माणसाची आबाळ झाकून जाते, पडून असलेल्याची झाकत नाही. त्यातही ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, त्यांच्याकडे आधी जा. ज्याच्यासाठी भांडणारं कुणी नाही त्याला तिथं कसं ठेवतात, यावर मी ती जागा जोखते. तुमची आई आज काठी टेकत चालते, उद्या तीही पडून राहू शकते.

कुणाचं पांघरूण उचलायचं नाही, पण टाचा दिसतात. बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम, माकडहाडावर, खुब्यावर आणि टाचेवर होतो. पुस्तकात 'लालसर डाग' लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसत नाही, आजूबाजूपेक्षा काळपट दिसतो, हाताला गरम किंवा कडक लागतो. कुणाला जखम असेल तर ती इथं आल्यावर झाली की घरून घेऊन आले, हे विचारा. घरून जखमा घेऊन येणारेही पुष्कळ असतात, उगीच आश्रमाला दोष देऊ नका.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. त्याची वही मागा. एका ठिकाणी मी सकाळी अकराला पोचले, तर दुपारी दोनची कूस वहीत बदलून झालेली होती! आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, रात्रीच्यासुद्धा, दिसल्या की मी वही मिटते.

रात्रीचं मात्र खोदून विचारा. किती माणसांमागे किती मावशी-मामा जागे असतात? संचालकांना विचारून उपयोग नाही, एखाद्या आजीला बाजूला विचारा, "रात्री लघवीला लागली तर कोण येतं?" आजी दाराकडे बघून "सगळं चांगलंय बाई" म्हणाली, तर समजून घ्या. हे लोक तक्रार करत नाहीत, त्यांना तिथंच राहायचं असतं.

आपल्याकडं पाण्याचं विचारलंच पाहिजे. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढं जातो, बोअर आटतो, टँकर लागतो. पाणी कमी पडलं की आधी आंघोळ जाते, मग चादरी. आणि म्हातारी माणसं उठायला नको म्हणून स्वतःच पाणी पीत नाहीत. त्यातून लघवीचं इन्फेक्शन होतं, माणूस बरळायला लागतो आणि घरचे म्हणतात, "आई भ्रमिष्ट झाली." उशाशी तांब्या आहे का, आणि तो हाताला येईल असा आहे का, बघा. इन्शुलिन चालू असेल तर लाईट गेल्यावर फ्रीजचं काय करतात तेही विचारा. न उघडलेली शिशी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरातली बाहेर चालते, पण ती साधारण ३० अंशांपर्यंत. आपल्या मेमधल्या खोलीत नाही.

जेवणाच्या वेळेला जा. दात नसलेल्याला भाकरी वरणात कुस्करून कोणी देतं का, की ताट ठेवून निघून जातात? दर महिन्याला वजन करतात का? महिन्यात पाच टक्के उतरलं तर डॉक्टरला दाखवायलाच हवं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधारांचा आश्रम असावा अशी तरतूद आहे, पण ती तुमच्या आईसाठी नाही. तुम्ही पैसे भरणार, म्हणून करारनामा वाचा: रात्री तब्येत बिघडली तर कुठल्या दवाखान्यात नेणार, सही कोण करणार, डिपॉझिट परत कधी. अडचण आली तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाईन आहे.

आणि आई तिथं गेल्यावर न सांगता जात जा, कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी. "रविवारीच या" असं कुणी म्हणालं तर दुसरी जागा शोधायला लागा.