तुम्ही विचारलंत म्हणून: फळ्या आडव्या का?

बडोद्यातल्या आमच्या घरी येणारं जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतं. हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद, आणि जमिनीवरच्या सागवानी फळ्या मात्र रुंदीच्या बाजूने घातलेल्या.

मिस्त्रीही अडून बसला होता. "बेन, पाटियां लांबी बाजूए ज नखाय." म्हणजे फळ्या लांब बाजूनेच घालायच्या. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तशा घातल्या की खोली ऐसपैस दिसते, कापाकापीही कमी होते.

पण हा नियम आला कुठून, ते मला दांडिया बाजारातल्या आजोळच्या वाड्यामुळे ठाऊक होतं. माडीला कडीपाट होता, म्हणजे खाली लाकडी तुळया (कड्या) आणि त्यांच्यावर फळ्या (पाट). कड्या खोलीच्या आखूड बाजूने टाकतात, कारण लाकडाला तेवढंच अंतर पेलायचं असतं. पाट कड्यांवर आडवेच बसवावे लागतात. कडीला समांतर टाकले तर मधल्या मध्ये अधांतरी राहतील आणि पावलागणिक दबतील. म्हणून पाट आपोआप लांबीला धावतात. तुमच्याकडे खाली कड्या असतील तर दुसरा विचारच करू नका.

आमच्या खाली स्लॅब आहे. तिथे ते कारण उरत नाही, मग मी उजेडाला मान दिला. आमची मोठी खिडकी लांब भिंतीत, पश्चिमेला. आठ फळ्या नुसत्याच मांडल्या, आधी उभ्या, मग आडव्या, आणि संध्याकाळी पाच वाजता तिथेच बसून राहिले. ऊन फळ्यांना आडवं आलं तेव्हा प्रत्येक सांध्याची सावली रेघेसारखी उठली. फळ्या उन्हाच्या दिशेने फिरवल्या आणि रेघा विरून गेल्या! तिथेच ठरलं.

याची किंमत आहे, तीही सांगते. लाकूड दमट हवेत फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळपास नाहीच. आमच्या फळ्यांच्या रुंदीची बेरीज ११ नव्हे, १६ फुटांवर होते, म्हणजे फुगवटाही जास्त. म्हणून गठ्ठे आठवडाभर याच खोलीत सोडून ठेवले, आणि फळ्यांच्या रांगा जिथे संपतात त्या दोन्ही आखूड भिंतींशी १५ मिलिमीटर फट ठेवली, वर स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी.

पहिल्याच श्रावणात एका कोपऱ्यातली स्कर्टिंगची पट्टी काढून पाहिली. फट निम्मीच उरली होती.